बाबांनी खोड न काढलेली होडी

माझ्या बाबांना जगातली एकही गोष्ट धड वाटत नाही. तक्रार नाही करत मी, ओळख करून देतेय. रायगडच्या किनाऱ्यावर आमचं घर, एका छोट्या होडीवरची मासेमारी, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून समोरून जाईल त्याच्यात खोट काढायची, हा बाबांचा जन्मभराचा उद्योग. दहावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा आईनं आळीभर पेढे वाटले. बाबांनी गुणपत्रिका लांब धरली, जवळ धरली आणि विचारलं, "भूगोलात का गो कमी? समुद्राच्या काठावर राहून?" हिंजवडीत नोकरी लागली, तर कंपनीचं नाव धड उच्चारता येत नाही. हिंजवडीजवळच्या जांबे गावात पहिली खोली घेतली, तर खिडकी चुकीच्या दिशेला. नेऱ्यात दुसरी घेतली, तर जिना अरुंद. एकदा माझ्याकडे जेवताना कालवणात चार खोटी काढून झाल्यावर मी चिडलेच. म्हटलं, "बाबा, एकदा तरी चांगलं म्हणा की!" तर भुरका मारून म्हणाले, "झालं की म्हणेन." अस्सा संताप येतो ना!

मागच्या पावसाळ्यात बाबांची होडी गेली. बुडाली वगैरे नाही. लाकडाची जुनी होडी, दरवर्षी डागडुजी करून चालवलेली. पाऊस संपल्यावर सुतार आला, त्यानं बुडाच्या फळीत बोट खुपसलं आणि ते पेरापर्यंत आत गेलं. फळी पार कुजली होती. दुसऱ्या आठवड्यापासून बाबा आळीतल्याच एकाच्या मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागले. साठीला आलेला माणूस, आयुष्यभर स्वतःच्या होडीचा मालक, आणि आता पोरासोरांच्या बरोबरीनं दुसऱ्याचं जाळं ओढायचं.

मला त्याचं वाईट वाटत होतंच, पण खरी भीती वाटली ती आईच्या एका फोननं. आई म्हणाली, "परवा कालवणात मीठ घालायलाच विसरले गो. तुझा बापूस मुकाट जेवला नि उठला."

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. अळणी कालवण खाऊन गप्प बसणारा माणूस माझे बाबा असूच शकत नव्हता. त्या दिवशी मी ठरवलं, काही झालं तरी होळीच्या आत बाबांना स्वतःची होडी घेऊन द्यायची.

ठरवणं सोपं असतं. नव्या फायबरच्या होडीचा भाव ऐकला आणि मी "बरं, कळवते" म्हणून फोन ठेवून दिला. सरकारी मदतीचे कागद होते, पण ते पुरे होईस्तोवर बाबांचं काय झालं असतं कोण जाणे. राहिली जुनी होडी. मग आमच्या ऑफिसात सगळे करतात तेच मीही केलं. एक्सेल उघडलं. लांबी, रुंदी, लाकूड की फायबर, इंजिन, किती वर्षं वापरली, किंमत. प्रत्येक रकान्याला गुण. मोबाईलवर दिसेल ती विकाऊ होडी त्यात भरायची. मला वाटायचं, बघा, आम्ही शिकलेली माणसं कशी पद्धतशीर निवड करतो!

आमचे घरमालक काका हे सगळं बघत होते. काका म्हणजे नेऱ्यातले जुने शेतकरी. वावरात आता तीन मजली इमारत आहे, भाड्यानं दिलेल्या खोल्या आहेत, आणि मागच्या कोपऱ्यात पत्र्याच्या गोठ्यात दोन बैल आहेत. नांगरायला जमीन उरली नाही, तरी बैल आहेत. काकू सगळ्यांना ऐकवतात, "भाडं खोल्यांचं येतंय आन खात्यात बैल!" पण काकांची बैलाची पारख पंचक्रोशीत मानलेली. अजूनही कुणाला बैल घ्यायचा असला की मोटार पाठवून काकांना बाजाराला नेतात. संध्याकाळी मी गोठ्यापाशी लॅपटॉप घेऊन बसायचे, कारण तिथं रेंज चांगली यायची. काकांनी एकदा मान वाकडी करून ते एक्सेल पाहिलं.

"ह्यात दात कुटं हायेत?" त्यांनी विचारलं.

"काका, होडीला दात नसतात."

"मंग कायतरी आसंल की दातावानी! बगितल्याबिगर कुनी जनावर घेतं व्हय?"

मी हसले. पण काकांनी ते मनावर घेतलं. आठवड्याभरात त्यांनीच खबर आणली. मुळशीच्या धरणाकाठी त्यांच्या मेव्हण्याच्या गावात एक रिसॉर्ट बंद पडलं होतं, पाहुण्यांना फिरवायची होडी मालकाला विकून टाकायची होती. "लई सवंग देतोय," काका म्हणाले. "फकस्त यिऊन बग."

आम्ही काकांच्या जीपनं गेलो. पांढरी होडी, बाजूला निळा पट्टा, फायबरची, इंजिन जवळजवळ नवं. पत्र्याखाली ठेवलेली, कुठं ओरखडा नाही. काका तिच्याभोवती दोन चकरा मारून आले, अंगावर थाप मारली, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "अंगानं भरल्याली हाय." माझ्या एक्सेलमध्ये तिला सगळ्यात जास्त गुण पडले. बसायला मऊ गाद्या होत्या. किंमत माझ्या खिशात बसणारी होती. मी तिथल्या तिथं मोबाईलवरून इसार दिला, फोटो काढला आणि आईला पाठवला. आईनं तो अर्ध्या तासात आळीभर फिरवला. लेकीनं बापसाला होडी घेतली! मला इतका आनंद झाला होता की परत येताना मी काकांना पौडला भजी खायला घातली.

पुढच्या शनिवारी बाबा होडी बघायला आले. माणगावहून ताम्हिणी घाट चढून येणाऱ्या एसटीनं दुपारी पौडच्या स्टँडवर उतरले. हातात सुकटीची पिशवी, काकांसाठी. उतरल्या उतरल्या म्हणाले, "ह्या घाटाला वळणं फार. आणि ड्रायव्हर सारखा ब्रेक दाबतो. आणि तू काय गो ही ओढणी वाळत घातल्यासारखी टाकलीस?"

मला गलबलून आलं. आले, माझे बाबा परत आले! जीपमध्ये बसल्यावर त्यांनी जीपच्या गाद्यांना बोल लावला, रस्त्याला लावला, पौडच्या चहाला तर लावलाच. काका नुसते "व्हय व्हय" करत गाडी चालवत होते.

धरणाकाठी पोचलो. राखणदारानं होडी आधीच पाण्यात उतरवून बांधून ठेवली होती. बाबा काठावर उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. निकालाच्या दिवशी बघायचे ना, अगदी तसं.

"छान आहे," बाबा म्हणाले.

माझा कानांवर विश्वास बसेना. ते होडीत चढले. गादीवर हात फिरवला, म्हणाले मऊ आहे. रंग झकास आहे म्हणाले. राखणदारानं इंजिन चालू केलं, तर आवाज गोड आहे म्हणाले. आम्ही तिघं एक छोटी चक्कर मारून आलो, काका काठावरच थांबले होते. धरणाचं पाणी आरशासारखं स्वच्छ, निवांत. बाबा मधल्या फळीवर पाहुण्यासारखे मांडीवर हात ठेवून बसले होते. उतरल्यावर त्यांनी होडीच्या अंगावर थाप मारली आणि मला म्हणाले, "नशीब काढलंस बाय. घेऊ आपण."

आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी माझ्या कशाला तरी चांगलं म्हटलं होतं. नाचायचंच बाकी होतं माझं. मी रिसॉर्टच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा सांगायला पळाले, तर काका मागोमाग आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पोरी," काका हळू आवाजात म्हणाले, "तुज्या बानं एक बी खोड न्हाई काडली."

"तेच तर ना काका! किती आवडली त्यांना!"

"आवडली न्हाई." काकांनी मान हलवली. "चाळीस वरसं बैलबाजारात काडलीत मी. घेनारं गिऱ्हाईक कवा चांगलं म्हनत न्हाई. दात बगतंय, खूर बगतंय, शेपटी उचलून बगतंय, चालवून बगतंय, धन्याला चार शिव्या घालतंय. आन ज्याला न्यायाचाच न्हाई ना, त्ये पाटीवर थाप मारतंय, झ्याक हाय मालक म्हनतंय, आन चालू पडतंय."

"पण बाबा घेतो म्हणालेत की!"

"त्योच तर घोर हाय. नको आसून घ्यायला निगालाय."

माझं टाळकंच सरकलं. एवढ्या वर्षांनी मला एकदा शाबासकी मिळाली होती, आणि हे गोठ्यातलं शास्त्र सांगून ती काढून घ्यायला निघाले होते. मी म्हटलं, "काका, माझे बाबा बैल बघायला नाही आलेत."

"आगं मीच दावली ना ती होडी! थाप मारून भरल्याली हाय म्हनलो. मला बैल कळतो, होडी काय डोंबल कळतीया! पर माणूस कळतो मला. जा, इचार त्येला."

मी रागारागानंच गेले. काकांना खोटं पाडायचं होतं मला, दुसरं काही नाही. बाबा पाण्याशी उकिडवे बसून पाय धूत होते. मला बघून म्हणाले, "पाणी पण छान आहे गो हितलं."

माझा राग तिथंच थांबला. बाबांनी पाण्यालाही नाव ठेवलं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "ह्या होडीत एक खोट सांगा."

"नाय गो. चांगली आहे."

"माझ्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा."

त्यांनी ओला हात उचलला. माझ्या डोक्यापर्यंत आणला आणि तसाच मागे घेतला.

"बूड सपाट आहे गो तिचं," शेवटी म्हणाले. "तळ्यातली होडी ती. लाट कापायला खाली धार नाय, कणा नाय. काठ बुटके. पुढची नाळ बसकी, समोरून लाट आली तर नाक खुपसेल. हितं निवांत पाण्यात राणीसारखी चालते. बाहेर वारा उठला की उलथेल."

मी कोळ्याची पोर. चालता येईना तेव्हापासून होड्यांच्या सावलीत खेळलेली. उलट्या घातलेल्या होड्यांची बुडं बघतच मोठी झाले मी. आणि मी गाद्या बघितल्या, रंग बघितला, एक्सेलमध्ये 'बूड' नावाचा रकानाच नव्हता माझ्या! लाजेनं मेल्यासारखं झालं. पण लाजेच्याही आधी भीती आली, आणि माझी भीती नेहमी रागातूनच बाहेर पडते.

"आणि तुम्ही ही घेऊन समुद्रात जाणार होतात? मेला असतात की!" मी अशी ओरडले की राखणदार खोलीतून बाहेर आला.

"मला काय हौस आहे बुडायची? काठाकाठानं गेलो असतो."

"आणि काठाला मासे नाही मिळाले की?"

"मग थोडा पुढं."

"आणि तिथंही नाही मिळाले की?"

आम्हा दोघांनाही उत्तर माहीत होतं. मी तिथंच चिखलात बसले आणि रडायला लागले.

"नको होती तर सांगायचं ना! तोंड नाही तुम्हाला? अख्ख्या जगाला नावं ठेवता!"

"तुझ्या आईनं फोटो सगळ्यांना दाखवला गो," बाबा म्हणाले. "मी ज्याच्या बोटीवर जातो त्याला पण दाखवला. तो मला म्हणाला, लेक असावी तर अशी. मग नको कशी म्हणू मी?" पंच्यानं पाय पुसत राहिले. "आजवर तुझ्या कशालाच चांगलं म्हणालो नाय मी. म्हटलं, ह्या एकाला तरी म्हणावं."

काका चहाचे तीन ग्लास घेऊन मागे येऊन उभे होते. त्यांनी एक ग्लास बाबांच्या हातात दिला, एक माझ्या. मग राखणदाराकडे गेले. इसार परत मिळणार नाही असं राखणदारानं सांगितलं, मालकाचा तसा हुकूम होता. काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो. भाव तोंडानं बोलायचा नाही, टॉवेलाखाली बोटं दाबून सांगायचा. राखणदार होता बिहारचा. तो घाबरून म्हणाला, "चाचा, हाथ छोड़ो, क्या कर रहे हो?" मी रडता रडता हसले. बाबासुद्धा हसले.

शेवटी इसार काही परत मिळाला नाही. तो बुडू नये म्हणून काकांनी होडीच घेतली, माझे पैसे मला हातात दिले आणि म्हणाले, "हुडकली मी, गळ्यात बी माज्याच." इंजिन काढून त्यांनी मेव्हण्याला विकलं. होडी टेम्पोत घालून नेऱ्याला आणली आणि गोठ्यात गव्हाण म्हणून ठेवली. आज तिच्यात कडबा असतो, निळ्या पट्ट्यावर बैल मान घासतात. काकूंनी पंधरा दिवस काकांशी बोलणं टाकलं होतं. आता त्याच येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवतात.

महिन्याभरानं बाबांनी स्वतःच एक होडी शोधली, आमच्या गावापासून दोन खाड्या पलीकडे. शनिवारी काका माझ्याबरोबर एसटीत बसले. कशाला येताय विचारलं तर म्हणाले, "पयलीला फशिवलंय मी तुमाला. दुसरी बगितल्याबिगर झोप न्हाई यायाची."

होडी वाळूवर कलती ठेवलेली होती. फायबरची, पण रंग उडालेला, काठाला दोन ठिकाणी ठिगळ, इंजिन जुनं. मला तर बघूनच कसंतरी झालं. बाबा तिच्याजवळ गेले, चप्पल काढली आणि सरळ वाळूवर उताणे झोपून बुडाखाली शिरले. नुसते पाय बाहेर दिसत होते, आणि खालून आवाज यायला लागला.

"हे ठिगळ कुणी मारलं? आंधळ्यानं मारलं का? हितं खडक लागलाय. लागलाय, मला सांगू नका. कणा एका बाजूनं घासलाय, म्हणजे तुम्ही रोज एकाच अंगावर ओढता. अशी ओढतात का होडी?" मग बाहेर आले. नाळेवर बसून पाहिलं, काठावर उभं राहून हलवून पाहिलं. इंजिन जिथं बसतं ती फळी दातओठ खाऊन ओढली. नांगराची दोरी हुंगली. हुंगली! मग परत बुडाखाली गेले. तास झाला, सव्वा तास झाला. विकणारा माणूस पहिल्यांदा उत्तरं देत होता, मग हळूहळू लाल झाला, आणि शेवटी ओरडला, "अहो, घ्यायची तर घ्या, नायतर चालू पडा! एवढी वाईट आहे तर हात कशाला लावता?"

काकांनी मला कोपरानं ढोसलं. त्यांचे डोळे चमकत होते. "पैशे काड, पोरी," ते कुजबुजले. "घेतली त्यानं."

घेतलीच. भाव दोघांना पटला तेव्हा उन्हं कलली होती. भरती आली की होडी आपसूक तरंगणार होती आणि बाबा ती खाडीतून चालवत घरी नेणार होते. आम्ही तिघं वाळूवर पाणी वर चढायची वाट बघत बसलो. बाबांनी होडीवरची नजर काढली आणि माझ्याकडे वळले.

"किती वाळलीस गो," ते म्हणाले. "जेवतेस का काय खातेस तिकडे? आणि ही चप्पल कसली घातलीस? वाळूत चालायची चप्पल आहे ही? केस बघ, अर्धे गळले. रात्रभर त्या लॅपटॉपात डोळे घालून बसतेस, आई सांगते मला. आणि मगाशी पैसे मोजून दिलेस ते चुकीच्या हातानं दिलेस."

मी तोंड उघडलं होतं उलट बोलायला. नेहमी येतो तसाच सर्रकन राग आला होता. आणि मधेच माझी नजर काकांकडे गेली. त्यांनी हळूच तोंड फिरवलं आणि पाण्याकडे बघायला लागले, आणि टॉवेलानं नाक पुसलं.

मग मला दहावीची गुणपत्रिका आठवली, लांब धरलेली, जवळ धरलेली. जांब्याची खिडकी आठवली, नेऱ्याचा जिना आठवला. कालवणातल्या चार खोटी आठवल्या. एकेक, सगळ्या.

पाणी होडीच्या बुडापर्यंत आलं होतं. मी बाबांच्या आणखी जवळ सरकून बसले.

"अजून सांगा बाबा," मी म्हटलं. "अजून काय काय चुकलंय माझं?"

होडी तरंगेपर्यंत ते सांगत होते.